पांदणीच्या वाटेवरील मोटारगाडीस पोटपत्रा

यवतमाळ जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या दारीं पूर्वीं बैलजोडी आणि बंडी असे. हल्लीं तिच्या जोडीला, आणि कित्येक घरीं तिच्या जागीं, चार चाकांची मोटारगाडी येऊन उभी राहिली आहे. कोणाची जुनी जीप, कोणाची बोलेरो, कोणाची थार, तर कोणाची माल वाहण्याची पिकअप. खताच्या गोण्या, फवारणीचे पंप, वेचलेला कापूस, मजूर, आणि अडीअडचणीच्या वेळीं घरांतील आजारी माणूस, हें सर्व तीच वाहते. गाडी बदलली, परंतु वाट बदलली नाहीं. ज्या पांदणीनें बंडी पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त चालली, त्याच पांदणींत मोटारीचें पोट दगडावर आदळून फुटतें. असें कां होतें, आणि त्या पोटास लोखंडी पत्र्याचें संरक्षण कसें द्यावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. गॅरेजवाले यास ‘चेंबर गार्ड’ अथवा ‘स्किड प्लेट’ म्हणतात. आपण त्यास सोयीसाठीं पोटपत्रा म्हणूं. बैल खडकाळ वाटेनें चालवावयाचा असला म्हणजे त्याच्या खुरांस आपण पत्री ठोकतों. त्याच विचारानें मोटारीच्या पोटास ही पत्री ठोकावयाची आहे.

वाटेचें स्वरूप

जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक एकसारखा झिजत नाहीं. त्याच्या भेगांच्या बाजूंनीं कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें थर सुटत जातात, त्यांचा प्रथम मुरूम व पुढें माती होते, आणि मधला कठीण गाभा मात्र गोल गोट्याच्या रूपानें तसाच राहतो. पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूंच्या चढउताराच्या जमिनींत असे गोटे जागोजाग दिसतात. पूर्वेस वणी व मुकुटबन या भागांत चुनखडीचा खडक आहे. त्याच्या लाद्या फुटल्या म्हणजे धारदार कडा वर येतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांतील पाऊस पांदणीची माती वाहून नेतो, पण गोटा वाहून नेत नाहीं. त्यामुळें दरवर्षीं गोटा वाढल्यासारखा दिसतो. वास्तविक गोटा वाढत नसून वाट खोल जात असते.

त्यांत आपली काळी माती. ती ओली असतां फुगते व मऊ होते. त्या वेळीं ट्रॅक्टरचीं चाकें तिच्यांत खोल चाकोऱ्या पाडतात, आणि वैशाखांत त्याच चाकोऱ्या वाळून विटेसारख्या कठीण होतात. दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा व त्यांत रुतून बसलेला गोटा हेच मोटारीच्या पोटाचे खरे शत्रु होत.

बंडीस हा त्रास कां होत नसे, हें पाहण्यासारखें आहे. बंडीचें चाक कमरेहून उंच, आणि आस चाकाच्या मध्यभागीं. त्यामुळें तिच्या पोटाखालीं सुमारें दोन फूट मोकळी जागा राही. उलट आपल्याकडे शेतावर नेल्या जाणाऱ्या मोटारींत ही मोकळी जागा साधारणतः १८० ते २३० मिलिमीटर, म्हणजे सात ते नऊ इंच असते. आणि तीहि गाडी रिकामी असतां. मागें दहा गोण्या खत आणि वर चार माणसें बसलीं म्हणजे स्प्रिंगा दबून ती आणखी कमी होते. बंडीची वाट मोटारीस कां सोसत नाहीं, याचा उलगडा या दोन आंकड्यांतच आहे.

गाडीच्या पोटांत काय असतें

गाडीखालीं वांकून पाहिल्यास पुढून मागें क्रमानें हे भाग दिसतात: रेडिएटरचा खालचा कांठ, सुकाणूचे दांडे, इंजिनाच्या तेलाचा चेंबर, गिअरबॉक्स, चारहि चाकांस जोर देणारी गाडी असल्यास ट्रान्स्फर केस, सायलेन्सरची नळी, इंधनाची टांकी, ब्रेकच्या बारीक नळ्या, आणि शेवटीं मागच्या आसावरील डिफरन्शियलचा गोळा. यांपैकीं डिफरन्शियलचा गोळा जाड ओतीव लोखंडाचा असल्यामुळें पुष्कळ मार सोसतो. सर्वांत नाजूक व सर्वांत मोलाचा भाग म्हणजे तेलाचा चेंबर.

चेंबर दोन प्रकारचा असतो. पातळ पोलादी पत्र्याचा चेंबर दगड लागल्यास चेपतो. ॲल्युमिनियमचा ओतीव चेंबर चेपत नाहीं, तडकतो. तडकला तर तेल गळूं लागतें, आणि तें निदान डोळ्यांस दिसतें. चेपलेल्या चेंबरचा धोका अधिक फसवा आहे. तेल खेंचून घेणारी जाळी चेंबरच्या तळापासून अगदीं थोड्या अंतरावर असते; तळ चेपून तिला भिडला म्हणजे बाहेर एक थेंबहि न गळतां इंजिनास तेल कमी पडूं लागतें. तेल तुटलेलें इंजिन कांहीं मिनिटांतच आंतून जळतें. बेअरिंगें, क्रॅंक व पिस्टन एकदम जातात, आणि हा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या हंगामाचा नफा खाऊन टाकणारा असतो.

जुन्या जीपमध्यें ही अडचण कमी भासे. जीप ही मुळांत लष्करी गाडी. सन १९४१ पासून दुसऱ्या महायुद्धांत ती लाखोंनीं तयार झाली, आणि सन १९४५ मध्यें स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें सन १९४७ च्या सुमारास मुंबईत तिचे सुटे भाग आणून जुळणी सुरू केली. त्या गाडीचा पुढचा आस अखंड असे. दगड आधीं त्या आसास लागे व चालकास इशारा मिळे. शिवाय आस अखंड असल्यामुळें गाडीवर कितीहि ओझें लादलें तरी आसाची जमिनीपासूनची उंची तीच राही. नव्या बोलेरो, थार वगैरे गाड्यांत पुढचीं दोन्ही चाकें स्वतंत्र हातांवर झुलतात. त्यामुळें बसणाऱ्यास सुख होतें, परंतु ओझ्यानें अथवा खड्ड्याच्या धक्क्यानें स्प्रिंग दबली कीं गाडीचें पोट चाकांच्या मधून खालीं उतरतें. नेमका त्याच क्षणीं खालीं गोटा असला तर तो सरळ पोटास लागतो.

पुष्कळ गाड्यांच्या इंजिनाखालीं कारखान्यांतूनच एक प्लास्टिकचें अथवा पातळ पत्र्याचें झांकण येतें. तें चिखलाचे शिंतोडे अडविण्यासाठीं असतें, दगडासाठीं नव्हे. त्यावर बोटानें टिचकी मारून पाहावी. जें बोटानें थरथरतें तें गोट्यापुढें टिकणार नाहीं.

पत्रा कशाचा व किती जाड

पोटपत्र्यावर केवळ दगडाचा तडाखा बसत नाहीं, तर प्रसंगीं गाडीचें निम्मेंअर्धें वजन एका तळहाताएवढ्या दगडावर टेंकतें. म्हणून दोन मिलिमीटरचा पत्रा उपयोगी नाहीं; तो वांकून चेंबरवर दाबला जातो आणि रक्षणकर्ताच घातक ठरतो.

साधें नरम पोलाद हें आपल्याकडे सर्वांत सोयीचें. तें तालुक्याच्या गांवीं मिळतें, कोणताहि वेल्डिंगवाला तें कापूं, वांकवूं व जोडूं शकतो, आणि दगडावरून तें चांगलें घसरतें. सुमारें ९० सेंटीमीटर लांब व ७० सेंटीमीटर रुंद असा पत्रा घेतल्यास ३ मिलिमीटर जाडीस त्याचें वजन सुमारें १५ किलो, ४ मिलिमीटरास २० किलो व ५ मिलिमीटरास २५ किलो भरतें. जाडी ३ वरून ४ मिलिमीटर केली तर वजन एक तृतीयांशानेंच वाढतें, परंतु पत्र्याचा ताठपणा दुपटीहून अधिक होतो. कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. मातीची पांदण व तुरळक गोटे असतील तर कांठ वांकवून मजबूत केलेला ३ मिलिमीटरचा पत्रा पुरतो. नाल्याच्या पात्रांतून व खडकाळ माळावरून नित्य जाणें असेल त्यानें ४ मिलिमीटरचा घ्यावा. पांचाच्या पुढें जाण्यांत अर्थ नाहीं. जादा वजनानें पुढच्या स्प्रिंगा दबतात आणि जी मोकळी जागा राखावयाची तीच आपण घालवितों.

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ६ मिलिमीटर जाड पत्रा ताठपणांत ४ मिलिमीटर पोलादाच्या तोडीचा असून वजनांत त्याच्या निम्मा, म्हणजे वरील मापास सुमारें १० किलो असतो. परंतु तो महाग, त्यास जोड देणारा कारागीर खेड्यांत सहसा मिळत नाहीं, दगड त्यांत रुततो व ओरखडे काढतो, आणि ओल्या चिखलांत पोलादी बोल्टांच्या संगतीनें बोल्टांभोंवतींचें ॲल्युमिनियम लवकर खातें. आपल्या कामास पोलादच बरें, असें आमचें मत आहे.

आकार व घडण

नांगराचा फाळ जमिनींत शिरावा म्हणून त्याचें टोंक खालीं व पुढें वळवितात. पोटपत्र्याचें काम याच्या नेमकें उलट आहे. त्याची पुढची कड ३० ते ४० अंश वर वळलेली असावी, म्हणजे दगड तिच्याखालीं सरकून गाडी त्यावरून घसरत जाईल. कड सरळ राहिली तर ती फाळासारखी दगडांत अडकते व पत्रा बोल्टांसकट उचकटून निघतो. मागची कडहि किंचित्‌ वर घ्यावी. गाडी मागें घेण्याचा प्रसंग येतोच, आणि त्या वेळीं मागची कडच पुढची होते. दोन्ही बाजूंचे कांठ इंचभर वर वांकविले कीं पत्र्यास ताठपणा येतो.

चेंबर, गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस या सर्वांखालीं एकच मोठा पत्रा न घालतां दोन किंवा तीन तुकडे करावेत. काढघाल सोपी होते. हे तुकडे कौलारू छपराच्या कौलांप्रमाणें रचावेत. पाणी वरच्या कौलावरून खालच्यावर विनाअडथळा ओघळावें म्हणून वरच्या कौलाचा कांठ खालच्यावर चढवितात. तद्वत्‌ पुढच्या पत्र्याचा मागचा कांठ मागच्या पत्र्याच्या पुढल्या कांठाखालीं, म्हणजे जमिनीच्या बाजूस, यावा. मग पुढून येणाऱ्या दगडास अडकण्यास एकहि कड उघडी सांपडत नाहीं.

पत्र्यांत भोंकें कोठें ठेवावींत हें आधींच ठरवावें. तेल सोडण्याच्या बुचाच्या बरोबर खालीं ५० ते ६० मिलिमीटर व्यासाचें गोल भोंक असावें. तेल बदलण्यासाठीं प्रत्येक वेळीं पत्रा उतरावा लागत असेल तर कंटाळून मनुष्य एक दिवस तो परत बसवीतच नाहीं. पाणी व चिखल निघून जाण्यास सर्वांत खोल भागीं तीन-चार भोंकें, आणि इंजिनाची गरम हवा जाण्यास मागल्या अंगास आडव्या चिरा ठेवाव्या. भोंकांच्या सर्व कडा कानशीनें घासून गुळगुळीत कराव्या.

कोठें व कसा जोडावा

या विषयांतील मुख्य नियम एकच आहे: पत्रा चेसीस जोडावा, इंजिन, गिअरबॉक्स अथवा चेंबर यांच्या कोणत्याहि बोल्टास जोडूं नये. इंजिन रबराच्या बैठकीवर बसलेलें असून चालतांना हालत असतें. पत्रा त्यास बांधला तर दगडाचा सर्व धक्का चेंबरवरच जातो, आणि ज्यासाठीं हा खटाटोप तोच हेतु फसतो. चेसीच्या दोन लांब दांड्यांचा व त्यांना जोडणाऱ्या आडव्यांचा आधार घेतला म्हणजे धक्का सर्व गाडीच्या सांगाड्यांत वांटला जातो. पत्रा व चेंबर यांमध्यें २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा असावी. याहून कमी असल्यास पत्रा लवून चेंबरला लागेल. फार अधिक ठेविल्यास गाडीचें पोट विनाकारण खालीं येईल.

चेसीस नवीं भोंकें पाडणें व वेल्डिंग करणें टाळावें. चेसीच्या दांड्याचे वरचे व खालचे कांठ सर्वांत जास्त ताण सोसतात. तेथें पाडलेल्या भोंकापासून पुढें तडा जातो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनें पोलादाचा गुण बिघडतो. बहुतेक चेसींत कारखान्यानें ठेवलेलीं रिकामीं भोंकें असतात, तीं शोधून वापरावींत. नसतील तेथें दांड्यास बाहेरून कवटाळणाऱ्या जाड पट्ट्या करून त्यांस पत्रा अडकवावा. पत्र्याच्या स्वतःच्या पट्ट्यांस वेल्डिंग करावयाचें तें पत्रा गाडीखालून काढून जमिनीवर करावें. गाडीवर वेल्डिंग केल्यास तिच्यांतील विद्युत्‌यंत्रणा बिघडण्याचा संभव असतो.

बोल्ट १० मिलिमीटर जाडीचे व डोक्यावर ८.८ असा आंकडा कोरलेले घ्यावेत. असा एक बोल्ट तीन टनांहून अधिक ओढ सोसतो. तेव्हां सहा ते आठ बोल्ट पुरेसे होतात, आणि कच्चा राहतो तो बोल्ट नव्हे, तर ज्या पातळ पट्टीस तो जोडला ती पट्टी. बोल्टाखालीं रुंद वायसर व वर न सुटणारा लॉक नट असावा. बोल्टाचीं डोकीं पत्र्याच्या तळाबाहेर आलीं तर दगडावर घासून तीं गोल होतात व पुढें पाना लागत नाहीं. म्हणून डोकें आंत बसेल असा खोलगट खळगा पत्र्यांत करून घ्यावा, अथवा चपट्या डोक्याचे बोल्ट वापरावेत.

बसविण्याचा क्रम

प्रथम गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांस दगड लावावेत, आणि गाडी पक्क्या लोखंडी घोड्यांवर टेंकवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींहि, क्षणभरहि, शिरूं नये. जॅक सरकून माणूस दगावणें ही या कामांतील सर्वांत वाईट गोष्ट होय. खड्ड्यावर गाडी उभी करण्याची सोय असलेल्या गॅरेजांत हें काम अधिक सुरक्षित होतें.

नंतर पोट धुऊन वाळूं द्यावें व जाड पुठ्ठ्याचा साचा कापून तो चेसीखालीं धरून पाहावा. बुचाची जागा, सायलेन्सरची नळी, सुकाणूचे दांडे व चेसींतील भोंकें त्यावर खडूनें आंखावींत. पुठ्ठा कापण्यांत एक तास गेला तरी हरकत नाहीं. पत्रा चुकीचा कापला गेल्यास तो वायां जातो. साचा ठीक बसल्यावर त्यावरून पत्रा कापून, कांठ वांकवून, भोंकें पाडून घ्यावा. बोल्टांचीं भोंकें बोल्टाहून दोन मिलिमीटर मोठीं असावींत, म्हणजे जुळणी करतांना ओढाताण होत नाहीं. मग पत्रा घासून दोन्ही अंगांस रेडऑक्साईड व त्यावर रंग द्यावा. वरच्या अंगास, जेथें चिखल सांचतो, रंगाचा एक हात अधिक द्यावा.

बसवितांना सर्व बोल्ट आधीं हातानें सैल लावावेत, आणि नंतर समोरासमोरचे क्रमानें आंवळावेत. एका बाजूनें आंवळीत गेल्यास पत्रा तिरपा ताणला जातो. आंवळण्याचें माप सुमारें ४५ न्यूटन-मीटर, म्हणजे फूटभर लांबीच्या पान्यावर सुमारें १५ किलो जोर. त्यानंतर सुकाणू दोन्ही टोंकांपर्यंत फिरवून पाहावा, इंजिन सुरू करून थरथर कोठें लागते तें ऐकावें, आणि गाडींत नेहमींचें ओझें भरून चाकें, दांडे व फिरणारा शाफ्ट यांस पत्रा कोठें शिवतो काय तें तपासावें. पहिली खेप पांदणींतून झाली कीं सर्व बोल्ट पुन्हां एकदां आंवळावेत. नवीन जोड प्रथम बसतो व मग टिकतो.

या कामास योग्य वेळ अक्षय्यतृतीयेपासून मृगापूर्वींची. जमीन कोरडी असते, कारागिरास सवड असते, आणि पेरणीपूर्वीं परीक्षाहि होऊन जाते.

उष्णता, चिखल आणि आग

पोटपत्र्याबरोबर तीन नवीन गोष्टींकडे लक्ष द्यावें लागतें.

पहिली उष्णता. आपल्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. रेडिएटरमधून आलेली गरम हवा इंजिनाखालून मागें निघून जाते. ती वाट पत्र्यानें पूर्ण बंद केली तर इंजिन तापूं लागेल. म्हणून मागल्या चिरा व बाजूंची मोकळीक अवश्य ठेवावी, आणि पत्रा बसविल्यानंतर पहिले कांहीं दिवस उष्णतेच्या कांट्याकडे नजर असावी.

दुसरी चिखल. काळी माती पत्र्यावर सांचली तर तिचें वजन थोडेंथोडकें होत नाहीं. वरील मापाच्या पत्र्यावर तीन सेंटीमीटर थर बसल्यास तो तीस किलोंहून अधिक भरतो, म्हणजे पत्र्याहून जड. शिवाय ओली माती लोखंड गंजविते व वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. पावसाळ्यांत आठवड्यांतून एकदां पाण्याच्या जोरदार धारेनें ती काढून टाकावी.

तिसरी व सर्वांत गंभीर गोष्ट आगीची. पऱ्हाटीच्या, तुराटीच्या वा वाळलेल्या गवताच्या शेतांतून गाडी नेली असतां काडीकचरा पत्र्याच्या वर जाऊन बसतो, आणि तेथेंच सायलेन्सरची नळी असते. दिनांक १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनुसार आलेल्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुरांतील काजळी अडविणारी एक गाळणी असते. ती काजळी जाळून टाकण्यासाठीं वेळोवेळीं तेथील उष्णता पांचशे-सहाशे अंशांपर्यंत चढते. वाळलेलें गवत याहून पुष्कळ कमी उष्णतेस पेटतें. वर गाडींत कापूस भरलेला असेल तर परिणाम सांगावयास नको. यास्तव या गाळणीखालीं व सायलेन्सरच्या नळीखालीं पत्रा मुळींच घेऊं नये, शेतांतून बाहेर पडल्यावर वांकून काडीकचरा काढावा, आणि इंजिन चालूं ठेवून वाळल्या गवतावर गाडी उभी करूं नये.

पत्रा काय करीत नाहीं

पोटपत्र्यानें गाडी उंच होत नाहीं. उलट २५ ते ३० मिलिमीटरांनीं तिची मोकळी जागा कमी होते. मागच्या आसावरील गोळ्याचें तो रक्षण करीत नाहीं. चाकोरीमधल्या उंचवट्यावर गाडी पोटानें टेंकून चाकें मोकळीं फिरूं लागलीं तर पत्रा तिला बाहेर काढीत नाहीं. तेथें फावडें व शेजाऱ्याचा ट्रॅक्टरच उपयोगी. म्हणून पत्रा बसविला म्हणजे वाटेल तशी गाडी हांकावी, असा समज करून घेऊं नये. वेग दुप्पट झाला कीं तडाखा चौपट होतो. ताशीं १० किलोमीटर वेगानें लागलेला दगड पत्र्यावर ओरखडा उठवील. तोच २० च्या वेगानें लागला तर पत्रा वांकेल.

हांकण्याचा नियम असा लक्षांत ठेवावा: दगड चाकाखालीं घ्यावा, पोटाखालीं घेऊं नये. बैलगाडीची संवय असलेला मनुष्य दगड दोन चाकांच्या मधून घालवितो. बंडीस तें ठीक, मोटारीस घातक. खोल चाकोरी असेल तर एक चाक मधल्या उंचवट्यावर व दुसरें धुऱ्याच्या कडेवर चढवून गाडी न्यावी, म्हणजे पोट उंच राहतें. अनोळखी नाल्यांत आधीं उतरून पायानें तळ चाचपावा.

कायदा व हमी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वयें, नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार वाहनांत करण्यास मनाई आहे. गाडीच्या पुढें लावलेल्या जाड लोखंडी गार्डांविरुद्ध कारवाई करावी असें केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांस कळविलें होतें. कारण असे गार्ड पादचाऱ्यांस घातक ठरतात व टकरीच्या वेळीं हवेच्या पिशव्यांच्या कामांत व्यत्यय आणूं शकतात. पोटपत्रा ही निराळी वस्तु आहे. तथापि तो बंपरच्या पुढें येऊं देऊं नये, आणि बंपर व चेसीचा आडवा यांना एकत्र जखडूं नये. गाडी हमीच्या मुदतींत असल्यास विक्रेत्यास व विमा कंपनीस आधीं लेखी विचारावें. आपल्या गाडीसाठीं कारखान्याचाच पत्रा मिळत असेल तर तो प्रथम पाहावा.

चेंबर फुटलाच तर

पत्रा नसतांना, किंवा असूनहि, पोटावर मोठा आघात झाला तर पुढें न जातां थांबून खालीं पाहावें. तेलाच्या डब्याच्या चित्राचा लाल दिवा लागला कीं इंजिन तात्काळ बंद करावें. गांव अर्ध्या मैलावर दिसत असलें तरी चालवीत नेऊं नये. त्या अर्ध्या मैलांतच चेंबरच्या किमतीचें काम इंजिनाच्या किमतीवर जातें. चीर लहान असल्यास जागा पेट्रोलनें पुसून, पूर्ण कोरडी करून, एम-सील मळून लावावें, तें कठीण झाल्यावर नवें तेल भरून सावकाश गॅरेज गांठावें. तेलकट जागीं तें चिकटत नाहीं, हें लक्षांत असावें. इंधनाच्या टांकीस बारीक गळती असेल तर कपडे धुण्याचा साबण मळून दाबल्यास कांहीं वेळ ती थांबते. मात्र जवळ विडी वा काडी पेटवूं नये.

हें सर्व खरें असलें तरी पोटपत्रा हा रोगावरचा लेप होय; रोग वाटेचा आहे. रात्रीं बाळंतीण अडली असतां अथवा कोणास सर्पदंश झाला असतां, गोट्यावर थांबलेली गाडी म्हणजे केवळ पैशाचें नुकसान नव्हे. सीमेवरून वाट मिळण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वयें तहसीलदाराकडे मागतां येतो, आणि सन २०२१ मध्यें राज्य शासनानें मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना जाहीर केली, हें कित्येक बंधूंस ठाऊक आहेच. परंतु अर्जाचा निकाल लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचें कारण नाहीं. एका पांदणीवर ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं वेचणीपूर्वीं, दसऱ्याच्या सुमारास, एक दिवस एकत्र येऊन पहारीनें वर आलेले गोटे उचकटावेत, त्यांनींच खोल चाकोऱ्या भराव्यात व वर मुरूम दाबावा. ज्या गोट्यासाठीं दहा गाड्यांस दहा पत्रे लागतात, तो एक गोटा काढण्यास दोन माणसें व एक पहार पुरते. पत्रा आपापल्या गाडीस अवश्य बसवावा. पण गोटा सर्वांनीं मिळून काढावा.